पेशी तीनदा

सातवीच्या जीवशास्त्राचं वर्षभराचं नियोजन मी गेली एकतीस वर्षं एकाच पद्धतीने करत आले आहे. जुन्या कॅलेंडरची पानं पाठमोरी चिकटवायची, त्यावर छत्तीस घरं आखायची, एका आठवड्याला एक घर, आणि धड्यांच्या चिठ्ठ्या टाचणीने लावायच्या. भाषेच्या शिक्षकाचं बरं असतं, पहिल्या धड्यापासून सुरुवात आणि शेवटच्या धड्याला शेवट. माझा विषय जिवंत आहे, तो उलटा आखावा लागतो. अंकुरणाचा धडा सातव्या आठवड्यात येणार असेल तर वाल सहाव्यात भिजले पाहिजेत. बुरशी सोमवारी दाखवायची तर पावाचा तुकडा आदल्या बुधवारीच ओला करून झाकायला हवा. बी काही मुख्याध्यापिकेच्या घंटेवर उगवत नाही. म्हणून माझ्या प्रत्येक चिठ्ठीच्या मागे एक छोटी चिठ्ठी असते, काय कधी भिजवायचं आणि काय कधी झाकायचं.

गेल्या वर्षी मी वाल भिजवले आणि विसरले. आठवड्याने प्रयोगशाळेचं कपाट उघडलं तेव्हा असा वास सुटला की पहिल्या बाकावरच्या मुली उठून दारात गेल्या. मी तिथल्या तिथे कुजण्याच्या क्रियेवर व्याख्यान ठोकलं, जसं काही ठरवूनच केलं होतं. वेळ मारून नेली. पण त्यानंतर दोनदा मी सातवीऐवजी आठवीच्या वर्गात शिरले, आणि एकदा सूक्ष्मदर्शकाच्या कपाटाची किल्ली माझ्याच गळ्यात असताना मी शिपायाला चोर ठरवलं. ते काही लपलं नाही.

मग डॉक्टरणीकडे गेले. वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढी पोर. तिने मला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि मध्येच घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मी म्हटलं, मला पन्नास वनस्पतींची शास्त्रीय नावं तोंडपाठ आहेत, तुमच्या तीन शब्दांचं काय घेऊन बसलात. नावं घडाघडा म्हणूनही दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग ते तीन शब्द विचारले. चप्पल आठवली, नदी आठवली. तिसरा आजतागायत आठवलेला नाही.

घरी हे फक्त माझ्या नणंदेला माहीत आहे. माझे यजमान गेल्यापासून आम्ही दोघीच राहतो. ती निवृत्त कारकून, फायलींत आयुष्य गेलेली आणि जिभेला धार. मी तिला वन्सं म्हणते, ती मला वहिनी, आणि गेली बारा वर्षं आम्ही एकमेकींना सहन करतो आहोत असं आम्ही दोघीही सगळ्यांना सांगतो.

सुट्टी संपायला तीन आठवडे होते तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं. मोठ्या म्हणायच्या, एरवी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की गेल्या वर्षीच्या तक्रारी त्यांच्या कानावर आल्या आहेत. या वर्षी माझं नियोजन त्या स्वतः वाचतील आणि मगच सातवी मला द्यायची की नाही ते ठरवतील. शुक्रवार, दहा तारीख, दुपारपर्यंत. मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन जिना उतरले. वर्ग गेला तर माझ्याजवळ काही उरत नाही. लोकांना नातवंडं असतात, देव असतो, गुडघेदुखी असते. मला सातवी आहे.

आठ दिवस खपून मी तक्ता केला आणि शिक्षकांच्या खोलीत भिंतीला लावून बघत होते, तेव्हा धूर सर आले. रसायनशास्त्र शिकवतात, प्रत्येक प्रयोगात धूर काढतात म्हणून पोरांनी ते नाव ठेवलंय. माझं नाव पोरांनी पेशीबाई ठेवलंय, कारण वर्षाची खरी सुरुवात मी पेशीपासून करते. धूर सर चहा पीत तक्त्यासमोर उभे राहिले. वाचता वाचता त्यांचा कप तोंडाशीच थांबला. ते हसत म्हणाले, पेशीबाई नाव सार्थ केलंत, पेशी तीनदा लावलीय.

मी बघितलं. तिसऱ्या आठवड्यात पेशी. अकराव्यात पेशी. सव्विसाव्यात पुन्हा पेशी. तीनही चिठ्ठ्या माझ्या अक्षरात, तिन्हींमागे कांदा आणायची छोटी चिठ्ठी. मी म्हटलं, उजळणी आहे ती. त्यांनी मान डोलावली. मग त्यांचं बोट छत्तीस घरांवरून सावकाश फिरलं आणि त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "आणि हृदय कुठाय, बाई?"

हृदय कुठेच नव्हतं. मी म्हटलं, तुमचं लक्ष आहे का ते बघत होते. ते हसले नाहीत. कप तिथेच ठेवून निघून गेले, आणि मला कळलं की त्यांना कळलंय.

घरी येऊन मी तक्ता फाडला. वन्सं भाजी निवडत होत्या, त्यांनी तुकडे गोळा केले आणि ताटलीत ठेवले. मी रडले, अगदी पदर तोंडात कोंबून. एकतीस वर्षं ज्या धड्यावर उभी राहिले तो धडाच मला फसवायला निघाला, असं काहीबाही बोलले. वन्संनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की आमच्या कचेरीत एक साहेब होते, त्यांना काही म्हणजे काही आठवायचं नाही, तरी पंधरा वर्षं खुर्ची सांभाळली. कशी? सगळं लिहून. माणसाचं डोकं विसरतं, फाईल विसरत नाही.

"लिहा, वहिनी," त्या म्हणाल्या. "नुसतं धड्याचं नाव नको. वर्गात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत एकूण एक शब्द लिहा. तुम्ही विसरलात तरी कागद शिकवेल."

मग आम्ही बसलो. आठवड्याला चार तास, छत्तीस आठवडे, एकशे चव्वेचाळीस तास. एका तासाला एक पान. रोज सकाळी चहा झाला की रात्रीपर्यंत जेवणाच्या टेबलावर मी लिहायची आणि वन्सं समोर बसून वाचायच्या, खूण करायच्या आणि क्रमाने लावायच्या. मी सगळं लिहिलं. सातवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून डावीकडे, दारावर निळा रंग. किल्ली गळ्यात आहे, शिपायाला विचारू नये. कांद्याचा पापुद्रा आतल्या बाजूचा घ्यावा, बाहेरचा जाड असतो. फुफ्फुसांसाठी फुगे आणताना चार जास्त आणावेत, कारण पोरं फोडतात. इथे थांबून विचारावं, दगड आणि बेडूक यांत काय फरक. कुणीतरी म्हणेल, दगड उडी मारत नाही. हसू द्यावं. मग म्हणावं, झाड तरी कुठे उडी मारतं?

लिहिता लिहिता माझा एकेक वर्ग माझ्यासमोरून गेला. हृदय मी दोनदा तपासलं, सोळाव्या आठवड्यात बसवलं, चारही कप्पे लिहिले, आणि मुलांना आधी पळायला लावून मग नाडी मोजायला सांगायची हेही लिहिलं. वन्सं मध्येच म्हणायच्या, हे मला शाळेत कुणी असं शिकवलं असतं तर मी कारकून कशाला झाले असते. हे त्यांच्या तोंडून म्हणजे शंभर नंबरी कौतुक. पण दर चार पानांनंतर मी पेन खाली ठेवून मागची पानं पुन्हा वाचायला लागायची. ज्या बाईला आपलाच वर्ग शोधायला कागद लागतो, तिने वर्गात जावं तरी का? हा प्रश्न मी वन्संना विचारला नाही. त्यांनी उत्तर दिलं असतं.

गुरुवारी पान एकशे चव्वेचाळीस झालं. वन्संनी पूर्ण फाईल मोठ्याने वाचली, लाल पेन्सिलीने टिकल्या मारल्या, आणि फाईल बांधून माझ्या पिशवीत घातली. पेशी एकदा, तिसऱ्या आठवड्यात. हृदय एकदा. चूक शोधून सापडणार नाही, त्या म्हणाल्या.

शुक्रवारी मी लवकर निघाले. शाळेच्या पायरीवर बसून सहज फाईल चाळली आणि पाहते तो काय. एक धडा राहिला होता. मी तिथेच मांडीवर कागद घेऊन तो लिहिला आणि जागा बघून घातला. वर जाऊन शिक्षकांच्या खोलीत पाणी प्याले, फाईल पुन्हा उघडली, पुन्हा तेच, एक धडा राहिलेला. तोही लिहिला. वेळेवर लक्षात आलं म्हणून स्वतःची पाठ थोपटली आणि फाईल मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवून आले.

सोमवारी त्यांनी बोलावलं. मी इस्त्रीची साडी नेसून गेले. टेबलावर माझी फाईल होती आणि त्यांच्या शेजारी एक तरुण मुलगी बसली होती, वही उघडून. नवीन शिक्षिका, असं त्यांनी सांगितलं. मुलगी उठून उभी राहिली आणि तिने मला नमस्कार केला.

मोठ्या बाई म्हणाल्या की असं नियोजन त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. शनिवार-रविवार दोन्ही दिवस वाचत होत्या. दगड आणि बेडकापाशी तर एकट्याच हसल्या. ही फाईल हातात असेल तर कालच पदवी घेतलेल्या माणसालाही सातवी शिकवता येईल. मी फुलून गेले, आणि मग ते वाक्य माझ्यापर्यंत पोचलं. मी त्या मुलीच्या उघड्या वहीकडे पाहिलं. माझा वर्ग वाचवायला मी जे लिहिलं, त्यानेच माझा वर्ग घालवला होता. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा, आणि तोही एकशे सेहेचाळीस पानांचा.

मी म्हटलं की फाईल दुसऱ्या कुणासाठी लिहिलेली नाही. आवाज चढला होता, मला ऐकू येत होतं. मी म्हटलं, ती माझी आहे, मी शिकवणार आहे, त्यातला शब्द न् शब्द माझा आहे. मोठ्या बाईंनी त्या मुलीला जरा बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर त्यांनी फाईलमधून तीन पानं काढली आणि माझ्यासमोर एकाशेजारी एक ठेवली.

तिसरा आठवडा, अकरावा, सव्विसावा. तीनही पानांवर पेशी. शब्द न् शब्द सारखा, घराच्या विटेचा दाखला सारखा, कांद्याच्या पापुद्र्याची सूचनाही सारखी. एकावर वन्संची लाल टिकली, बाकी दोन्हींवर नाही. म्हणजे पायरीवर बसून मी पेशी लिहिली होती, आणि वर जाऊन पुन्हा पेशी.

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. उजळणी, हा शब्द जिभेवर तयार होता. पण तीन पानं अशी शेजारी शेजारी पाहिली आणि माझ्यातलं अवसानच गेलं.

"मला आठवत नाही, बाई," मी म्हटलं. "म्हणून लिहिलंय सगळं. डॉक्टरांनी सांगितलंय की वाढत जाणार."

मोठ्या बाईंनी मान हलवली. त्यांना पानं पाहून अंदाज आला होता. त्या म्हणाल्या की सातवी आता त्या मुलीकडे जाईल, हे बदलणार नाही, वर्गात कात्री असते, स्पिरिटचा दिवा असतो, चाळीस मुलं असतात. मला हे सगळं माहीत होतं. मीच तर लिहिलं होतं, नवव्या आठवड्यात, दिव्याजवळ कुणाला एकटं सोडू नये. तरी मी हात जोडले. आयुष्यात कुणापुढे जोडले नव्हते, त्या दिवशी जोडले. म्हटलं, मागच्या बाकावर बसू द्या, फुगे मी आणीन, वाल मी भिजवीन. मग वालांचं आठवलं आणि हात खाली घेतले.

त्यांनी खूप वेळ पानं खालीवर केली. मग ती तीनही पानं आपापल्या जागी परत लावली आणि फाईल बंद केली.

त्या म्हणाल्या की नियोजन आहे तसंच मंजूर. पेशी तीनदा आहे तर तीनदा होईल. ते तीन तास माझे, ती मुलगी शेजारी उभी राहील. तीन तास, अख्ख्या वर्षातले. मंडईत घासाघीस करावी तशी मी एक हृदयाचा मागून पाहिला. त्या नाही म्हणाल्या. मी उठले, दारापर्यंत गेले, आणि मनातला प्रश्न तिथेच बाहेर पडला.

"सव्विसाव्या आठवड्यात मला पेशी तरी आठवत असेल का?"

मोठ्या बाईंनी फाईलची नाडी बांधता बांधता वर पाहिलं.

"नाही आठवली तर मुलं सांगतील," त्या म्हणाल्या. "तोवर त्यांनी ती तुमच्याकडून दोनदा ऐकलेली असेल."