शून्याआधीचे ठिपके

मी पॅड बोलतोय. परीक्षेला मुलं नेतात तसलंच, वर चिमटा आणि दोरीला बांधलेलं पेन. दिसायला साधा असलो तरी माणसं ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं माझं बरीच वर्षं मत होतं.

उमेदीची नऊ वर्षं इंग्लंडातल्या यॉर्कशरमधल्या मेंढीबाजारात गेली. माझ्यावर मेंढ्यांची वजनं लिहीत. मेंढीला "कशी आहेस?" असं कुणी विचारत नसे, त्यामुळे खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. पुढं जुन्या वस्तूंच्या दुकानातून ग्लेनिसबाईंनी मला उचललं आणि मॅथरशॉ गावच्या दवाखान्यात आणलं. तिथं उदासी आणि चिंतेवर गोळ्या नाहीत, बोलून उपचार होतात. ग्लेनिसबाई दारातल्या टेबलावर बसतात आणि आल्यागेल्याला चहा देतात.

आत जाण्याआधी प्रत्येकानं नऊ प्रश्नांचा कागद भरायचा. झोप लागते का, भूक लागते का, मन उदास असतं का. 'अजिबात नाही'ला शून्य, 'जवळजवळ रोज'ला तीन. बेरीज संगणकाला दिली, की उपचाराचा फायदा होईल की नाही ते तो सांगे. ग्लेनिसबाई त्याला ज्योतिषी म्हणत. त्याचं पाहून मीही भाकितं करू लागलो. पेन घट्ट धरणारा बरा होतो, हा माझा सिद्धांत. तो तीनदा तोंडावर आपटला, पण मी हट्ट सोडला नाही.

एके दिवशी क्लिफर्ड रॅम्सडेन आले. निवृत्त बसचालक. बायको गेल्यापासून त्यांनी गावच्या बँडातलं आपलं पोटाएवढं पितळी वाद्य पेटीतून काढलं नव्हतं. मुलीनं त्यांना गाडीतून दारात आणून सोडलं होतं. बसताना मी त्यांच्या हातून पडलो, तर हे गृहस्थ मलाच "माफ करा" म्हणाले. मेंढीबाजारात असला मान कधी मिळाला नव्हता.

त्यांनी नऊच्या नऊ शून्यं भरली.

"अहो मिस्टर रॅम्सडेन, इतकं छान चाललंय तर आलात कशाला?" ग्लेनिसबाईंनी विचारलं.

"तक्रार नाही बुवा. लोकांचे काय काय हाल असतात! मी उगाच कुणाची जागा कशाला अडवू?"

आमच्या गावाची ही जुनीच खोड. पाय मोडला तरी "जरा लचकलाय" म्हणतील.

ज्योतिष्यानं निकाल दिला: माणूस ठणठणीत, उपचाराची गरज नाही. मी मात्र कळवळलो होतो, कारण पेनाचं टोक कुठं कुठं टेकलं ते मलाच ठाऊक. आठ प्रश्नांवर ते आधी शेवटच्या, म्हणजे तीनच्या चौकोनात जाऊन थबकलं होतं, शाईचा बारीक ठिपका पडला होता, आणि मग सभ्यपणे शून्याकडं वळलं होतं.

हेस्टर ही आमची उपचार करणारी मुलगी. तिनं कागद खिडकीपाशी धरला आणि ठिपके पाहिले. "बारा वेळा या," एवढंच ती म्हणाली.

सहाव्या भेटीला क्लिफर्डनी कागद भरला आणि बेरीज आली अठरा! मी खूश झालो, कारण या वेळी पेन कुठंच अडखळलं नव्हतं. पण ज्योतिषी लाल झाला: शून्यावरून अठरा, रोगी बिघडला, उपचार निष्फळ. व्यवस्थापक प्रेंटिससाहेब धावत आले.

"हेस्टर, थांबव हे. बरा माणूस आजारी पाडलास तू! पुढच्या सहा भेटी दुसऱ्या कुणाला देऊ."

"बरा कुठं होता साहेब? नुसता सभ्य होता." तिनं पहिला कागद माझ्यावर लावून त्यांच्या नाकासमोर धरला. "हे आठ ठिपके मोजा. तीन आठे चोवीस. खरं दुखणं चोवीस होतं, आता अठरा आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बोटानं ठिपके मोजत गेले. चौथ्यावर थबकले. "कर्मचाऱ्यांच्या तपासणीचा कागद मी स्वतः दर वर्षी असाच भरतो," पुटपुटले आणि भेटी चालू ठेवायला सांगून निघून गेले. माझा ऊर भरून आला. चिमटा नसता तर कागद खाली पडला असता.

त्यानंतर मी भाकितं सोडली. कोण बरा होईल ते ज्योतिष्याला कळत नाही, मलाही नाही. आधी माणसानं खरं तर सांगायला हवं.

पुढं दवाखान्यात काचेच्या पाट्या आल्या. बोट लावलं की उत्तर, अडखळल्याची खूणसुद्धा नाही. मी खिडकीत चहाच्या कपाखाली गेलो. शेवटच्या भेटीला क्लिफर्डनी मला तिथं पाहिलं आणि मागून घेतलं. आता मी बँडाच्या तालमीत असतो, वाऱ्यानं त्यांचा सुरांचा कागद उडू नये म्हणून. सूर चुकतात, थुंकीही उडते. मला चालतं.

परवा तालमीत ग्लेनिसबाई भेटल्या. "कसं काय, क्लिफर्ड?"

त्यांचं "तक्रार नाही" ओठांवर आलंच होतं. मला सवयीनं कळलं. ते थबकले.

"सकाळी फार आठवण आली तिची," ते म्हणाले. "रडलो. मग वाजवायला आलो."

वाचकहो, तुम्हालाही कुणी कसं काय विचारेल. तेव्हा शून्याआधी जरा थांबा, एवढीच या जुन्या पॅडची विनंती.