भिंगावरचा डाग

वीस वर्षांनी बस ड्रायव्हरने कपाटातला कॅमेरा काढला. "पुन्हा हे खूळ?" म्हणत बायको खिडकीशी बसली. कॅमेऱ्यातून तिच्या चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग दिसला. भिंगाला बुरशी लागली असणार, म्हणून तो दुरुस्तीवाल्याकडे गेला.

दुरुस्तीवाल्याने भिंग उजेडात फिरवून पाहिलं. "काका, हे तर लख्ख आहे."

"डोळे फुटलेत का तुझे?" ड्रायव्हर खेकसला. मग कॅमेरा खाली ठेवून त्याने डावा डोळा मिटला. दुरुस्तीवाल्याच्या तोंडावरही तोच डाग होता.

घरी येऊन त्याने कॅमेरा परत कपाटात ठेवला. सकाळी चाळीस शाळकरी मुलं घेऊन नेहमीसारखी बस काढली. चौक जवळ आला. दोन्ही डोळे उघडे होते, तरी समोरच्या काचेवर डाग दिसला.

त्याने वायपर लावला.