पंख्याचा स्क्रू

मेकॅनिकची बायको रुसली की घरातला पंखा हटकून खडखडायला लागायचा. मग हा स्टुलावर चढून तासभर खटपट करायचा आणि ती तोंडाला कुलूप लावून स्टूल धरायची.

शेवटी दोघं समुपदेशनाला गेले, तेव्हा समुपदेशक बाईंनी तिला विचारलं, "नवरा जवळ हवासा वाटला, की काय करता?"

ती ओशाळली. "पंख्याचा स्क्रू ढिला करते."

एवढा नावाजलेला कारागीर, पण त्याचे कान लाल झाले. "ठाऊक आहे मला," तो पुटपुटला. "म्हणून तर मी तो कधी पुरता आवळत नाही."

बाईंना हसू आवरेना. "आता पंख्याला मध्ये न घेता बोला."

घरी ती म्हणाली, "अहो, जरा बसा ना इथे."

"काय बिघडलंय?"

"काहीच नाही."

तो बसला. डोक्यावर पंखा खडखडत राहिला. दोघांनीही त्याला भीक घातली नाही.