हळदीकुंकवाचं हिरवं वाण

मदनमहल भागातल्या मुलींच्या हॉस्टेलमधून बाहेर पडल्यापासून विपुलचं कशात लक्ष लागेना. विजेची उपकरणं तपासायचं यंत्र कधीपासून बिघडून ऑफिसच्या कपाटात पडलेलं, आणि मालक शैलेंद्रजी मात्र साऱ्या जबलपुरात सगळ्यात स्वस्त दर आपलाच म्हणून कामं धरत सुटलेले. "देख लो, चिपका दो," एवढाच त्यांचा मंत्र. विपुलनेही आज तेच केलं. इस्त्र्या, किटल्या, पाणी तापवायचे रॉड वरवर पाहिले आणि ‘तपासले, सुरक्षित’ अशी हिरवी स्टिकरं लावून मोकळा झाला. कडाक्याची थंडी, खोलीखोलीत रॉड. पोटासाठी करावं लागतं, असं स्वतःला बजावत तो खमरियाच्या क्वार्टरवर पोचला.

घरी संक्रांतीचं हळदीकुंकू नुकतंच आटोपलं होतं. त्याची बायको राजश्री भलतीच खुशीत होती.

"अहो, यंदाचं वाण साऱ्यांना आवडलं! वाट्या-डबे तर सारेच देतात. मी तुमच्या घरच्या जुन्या बॅगेतली हिरवी स्टिकरं दिली. बायका लावून घ्यायला घरून इस्त्री, मिक्सर घेऊनच आल्या ना जी! अंजनीकाकूंनी तर माळ्यावरचा रॉड काढून आणला."

विपुलला तो रॉड आठवला. मागच्या हिवाळ्यात त्याच रॉडचा झटका बसला, म्हणून काकूंनी तो माळ्यावर फेकला होता.

"तपासल्याशिवाय काहून लावलं?"

"पाहिली ना मी वायर, कुठं तुटली नव्हती. तुम्ही अजून काय करता?"

चप्पल न घालताच तो शेजारच्या ब्लॉकमध्ये काकूंच्या घराकडे धावला.

दार उघडंच होतं. मोरीत रॉड बादलीत सोडलेला, बटण चालू, आणि अंजनीकाकू पाणी तापलं का पाहायला वाकलेल्या. विपुलने ओरडतच बटण बंद केलं आणि प्लग ओढून काढला.

"अरे, ओरडून काहून राहिला?" काकू वैतागल्या. "आधी मी बटण बंद केल्याशिवाय पाण्याला बोट नव्हती लावत. आता तुझं स्टिकर आहे, मग कशाची भीती?"

आजवर काकूंना त्यांच्या भीतीनेच सांभाळलं होतं, आणि त्या हिरव्या कागदाने नेमकी तीच काढून घेतली होती. आणि हॉस्टेलमध्ये? तिथे तर विपुलने स्वतःच्या हाताने खोली न खोली स्टिकरं लावली होती. त्याला स्वतःची किळस आली. आता बोललं तर नोकरी गेलीच. तरी त्याने हॉस्टेलच्या वॉर्डनला, नेहादीदींना, फोन लावला.

"बोलिए भैया! अब तो हम बेफिक्र हैं. सब लड़कियों से कह दिया है, स्टिकर लगा है, डरो मत."

"दीदी, मैंने एक भी चीज़ चेक नहीं की. सब रॉड बंद करवाइए, अभी."

पलीकडे चपला फटफटत धावल्या आणि दीदींचा आवाज जिन्यावरून वर चढत गेला, "अरे लड़कियों, पानी में हाथ मत डालो! कोई हाथ मत डालो!"

दीदी खोलीखोलीत एकेकीला हाक मारू लागल्या, आणि फोन कानाशी घट्ट दाबून विपुल एकेका मुलीचा ओ कधी येतो ते ऐकत राहिला.