रंगाचा डबा

बाबाच माझे उस्ताद, त्यामुळे मला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. वडील दमले की उस्ताद सुरू होतात. अकरा वर्षं झाली, झाडावर मी आणि खाली दोराला ते. गुडघे गेल्यापासून त्यांचं तोंडच तेवढं वर चढतं.

शहराबाहेरच्या मोठ्या बागेत मला नोकरी ठरली होती. फक्त उस्तादाची चिठ्ठी हवी होती, की ही एकटीने छाटणी करू शकते. ‘शाळेच्या झाडाचं काम बघतो, मग लिहितो,’ असं बाबा म्हणाले होते. कोरा कागद मीच त्यांच्या खिशात घातला, पेनासकट. म्हटलं, नसती सबब नको.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. फांदी खोडातून निघते तिथे सालीची फुगीर वळी असते. ती राखून कापलं की झाड आपली जखम आपण मिटवतं. बाबा वळीसकट कापतात, खोडाला लागून अगदी सपाट, आणि वर काळा रंग फासतात. दिसायला झकास. मी वर पानांआड माझ्या पद्धतीने कापते, रंगाचा डबा भरलेला तसाच खाली आणते आणि ‘फासला’ म्हणून सांगते. लोक चोरून वाईट कामं करतात, मी चोरून नीट काम करते. कंटाळा आलाय मला त्याचा.

शाळेच्या मोठ्या बाई अंगणात येऊन उभ्या राहिल्या. खोडावर छातीच्या उंचीला दोन जुने काप होते, आठ वर्षांपूर्वीच्या वादळानंतरचे. डावा माझा, त्या दिवशी नेमका रंग संपला होता. तो सालीने पुरता भरून आला होता. उजवा बाबांचा. त्याचा काळा पापुद्रा बाईंनी छत्रीच्या टोकाने टोकरला, तर टोक वीतभर आत गेलं आणि ओला भुसा खाली पडला.

‘हे कोणी करून ठेवलंय?’ बाईंनी विचारलं.

बाबांनी तो भुसा चिमटीत घेतला. त्यांचे कान लाल झाले. इतकी वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होते, आणि आला तेव्हा मला बघवेना.

‘मी,’ मी म्हणाले. ‘शिकत होते तेव्हा.’

‘आणि हा चांगला?’

मी बाबांकडे बघितलं. त्यांना सगळं आठवत होतं, त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

‘तो माझा,’ बाबा म्हणाले.

मग त्यांनी खिशातून माझा कागद काढला आणि त्याला बोटं पुसली. ‘अजून वर्षभर राहू दे हाताखाली,’ ते बाईंना म्हणाले. ‘एकटीला सोडण्याइतकी तयार नाही झालेली.’

संतापाने मी बाईंकडे वळले. पण आता खरं सांगून ऐकणार कोण? खोटं आधी मीच बोलले होते. बाबांनी वाकून माझ्या कमरेचा पट्टा आवळला, रोजच्यासारखा दोनदा ओढून बघितला आणि रंगाचा डबा माझ्या हातात दिला.

‘या वेळी तरी रिकामा करून आण,’ ते म्हणाले.