वहिनीचा सर्व्हर

वहिनी घरी बसून पडद्यांच्या कापडावरची नक्षी काढायची आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला तिची थोरली नणंद ती आपल्या कारखान्यात छापायची. नक्षीची एकेक फाइल एवढी अगडबंब, की ईमेलमधून जायचीच नाही. मग पेनड्राइव्ह घेऊन वहिनीचा नवरा जायचा. तो पेनड्राइव्ह कधी शर्टाबरोबर धुतला जाई, कधी भलत्याच पँटच्या खिशात राही. तिसरा हरवला तेव्हा नणंदेने फोनवर सुनावलं, की मशिनं बसून आहेत, आता नक्षी दुसरीकडून घेते.

ते वहिनीला फार लागलं. घरच्याच संगणकावर सर्व्हर उभा करायचा, नणंदेने तिकडून थेट फाइल उचलून न्यायची, असं तिने ठरवलं. नवरा म्हणाला, हे इंजिनिअर लोकांचं काम, नसतं झेंगट गळ्यात घेऊ नकोस. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

सर्व्हरचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम तिने उतरवून घेतला. नणंदेसाठी वेगळं फोल्डर केलं, पासवर्ड ठरवला. आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवर फाइल झटक्यात आली, पण कारखान्यातून नणंदेला काही दिसेना. बाहेरच्यांसाठी राउटरमध्ये वाट उघडावी लागते असं वाचून तिने तीही उघडली. तरी दिसेना. दोन दिवस तिने राउटरच्या सेटिंगचं पान न् पान पालथं घातलं. भाजी दोनदा करपली. तिसऱ्या दिवशी सकाळी घोळ सापडला. संगणक बंद करून सुरू केला की त्याचा घरच्या नेटवर्कमधला नंबर बदलायचा, आणि राउटर बिचारा येणाऱ्याला जुन्याच नंबरावर धाडत होता. बिऱ्हाड हललं तरी पत्ता तोच! तिने नंबर कायमचा बांधून टाकला आणि फोन लावला.

"आता बघा, वन्सं."

पलीकडे माउसची टिकटिक झाली.

"आली," नणंद म्हणाली. "अख्खी आली. कापड चढवते."

दुपारी नणंदेच्या फोल्डरमध्ये तिकडून एक फोटो येऊन पडला: छापून वाळत घातलेला पडदा, त्यावर तिचीच निळी पानं, एक रेघ इकडची तिकडे नाही. पाठोपाठ नणंदेचा फोन.

"पुढच्या हंगामाची सगळी नक्षी तूच काढायचीस. आणि आमच्या शिवणवाल्यालाही असंच फोल्डर हवंय. म्हटलं, आमची भावजय करून देईल."

तिच्या तोंडून कौतुक म्हणजे उंबराचं फूल. वहिनीने ते मनात दोनदा घोळवलं. नवरा खुर्चीमागे येऊन फोटो बघत उभा होता.

"चहा टाका," स्क्रीनवरून नजर न हलवता ती म्हणाली, "मला अजून एक फोल्डर करायचंय."