गजाच्या केसांना तेल

व्हायोलिन वाजवणाऱ्याकडे बघताना तुमचं लक्ष कुठे असतं? त्याच्या हनुवटीखाली. हो ना? मित्रांनो, एकदा त्याच्या उजव्या हाताकडे बघा. तिथे एक लांब काठी मागेपुढे फिरत असते. ती मी. मला गज म्हणतात. जुना आहे. अंगावर दोन चरे आहेत, आणि पाठीला बाक आहे. पण बाक जन्माचा आहे हं, म्हातारपणाचा नाही.

तो बाक मला एका कारागिरानं दिला. आचेवर लाकूड धरायचं, जरासं वाकवायचं, थांबायचं, परत धरायचं. घाई केली की काठी मोडली. माझ्या आधीच्या तीन मोडल्या होत्या, मी चौथा. मग खाली काळ्या लाकडाचा ठोकळा बसवला, त्यात स्क्रू. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत घोड्याच्या शेपटीचे पांढरे केस. दीडशेच्या वर. स्क्रू फिरवला की केस ताणले जातात, उलटा फिरवला की सैल पडतात. एवढाच माझा संसार.

तिथून मी मास्तरांकडे आलो. मास्तर नाटकांच्या वाद्यवृंदात वाजवायचे. रंगमंचाच्या पुढे खाली खड्डा असतो, तिथे बसून. वर नायिका रडायची आणि खाली मी घाम गाळायचो. तीस वर्षं! लोक बाहेर पडताना म्हणायचे, काय गोड व्हायोलिन होतं! काय गोड गज होता, असं एकदाही कुणी म्हणालं नाही. मला वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू?

पण मास्तरांना माहीत होतं. रोज वाजवायच्या आधी ते राळेचा खडा माझ्या केसांवर घासायचे. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला चीक, मधासारख्या रंगाचा. तिची पांढरी भुकटी केसांवर बसते, आणि त्या भुकटीमुळेच केस तारेला पकडतात. राळ नसेल तर मी नुसता घसरतो. तार गप्प, मी गप्प.

पुढे मास्तरांचे हात थरथरायला लागले. आधी बशीत कप वाजायला लागला. मग तारेवर मी. एक दिवस त्यांनी माझा स्क्रू सैल केला, मला आणि व्हायोलिनला पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटावर.

सात वर्षं.

पेटीतल्या अंधारात बारीक किडे असतात. ते केस खातात. अधूनमधून एखादा तुटायचा. बाहेरून आवाज यायचे ते सूनबाईंचे. "बाबा, दोन घास तरी खा." "बाबा, खिडकीत बसता का जरा?" मास्तरांचं उत्तर एकच. "नको."

मास्तरांना स्वतःची दाढी करता येईना, म्हणून एक दिवसाआड सलूनवाला घरी यायचा. वय त्रेचाळीस, पोट थोडं पुढे, बोलायला सुरुवात केली की सहा दाढ्या होईपर्यंत न थांबणारा. सगळे त्याला दादा म्हणायचे. एकदा टॉवेल झटकताना त्याची नजर वर गेली.

"मास्तर, ती पेटी कसली?"

"व्हायोलिन."

"आयला! तुम्ही वाजवता?"

"वाजवायचो."

दादा थोडा वेळ गप्प. हे नवलच होतं. मग म्हणाला, "मला शिकवाल?"

"वय काय तुझं?"

"त्रेचाळीस."

"उशीर झाला."

"मग आजच सुरू करू. अजून उशीर कशाला?"

मास्तर हसले. पेटीच्या आतूनही मला ते ऐकू आलं. सात वर्षांत पहिल्यांदा.

मग ठरलं. दाढी झाली की अर्धा तास शिकवणी. दादा यायच्या आधी मास्तर स्वतः मला बाहेर काढायचे आणि थरथरत्या हातानं राळ लावून ठेवायचे. राळ घासायला हात स्थिर लागत नाही. तेवढं एक काम त्यांना जमत होतं आणि ते त्यांनी कुणाला दिलं नाही. त्यामुळे दादाला मी नेहमी तयारच मिळायचो. राळ कशाशी खातात हे त्याला माहीतच नव्हतं.

पहिल्या दिवशी दादानं मला वस्तऱ्यासारखं धरलं.

"अरे, तारेची दाढी करायची नाहीये!" मास्तर ओरडले. "अंगठा वाकव. करंगळी वर ठेव, नुसती टेकव. हां. आता ओढ. दाबू नकोस, ओढ."

जो आवाज निघाला ना मित्रांनो! दार घासल्याचा आणि मांजर चिरडल्याचा, दोन्ही एकदम. सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "काय पडलं?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "विद्यार्थी."

नवशिक्यांना वाटतं, पहिल्याच आठवड्यात गाणं येईल. तसं नसतं. दीड महिना दादानं फक्त मोकळ्या तारा वाजवल्या. डाव्या हाताचं बोट कुठेच ठेवायचं नाही, नुसता गज सरळ चालवायचा. ऐकायला सोपं आहे. करून बघा. सरळ ओढतोय असं वाटतं आणि गज तिरपा होऊन व्हायोलिनच्या गळ्याकडे पळतो. दादाचा तर पळायचाच. मास्तरांनी त्याला आरशासमोर उभं केलं. "आयुष्यभर लोकांना आरसा दाखवलास, आता तू बघ."

हळूहळू मी सरळ जायला लागलो. दादाचं मनगट हलकं होतं, कामाचं होतं. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सूर निघाला. लांब, न चिरकता. मास्तरांनी तो शेवटपर्यंत ऐकला. आणि त्या दिवशी सूनबाई दारात येऊन दादाला हळूच म्हणाल्या, "दादा, बाबांनी आज मागून घेऊन जेवण केलं. येत जा बरं का. चुकवू नका."

दादानं मान डोलावली. त्याच्या लक्षात आलं, की इथे एकटा तोच काही शिकत नाहीये.

खूश होऊन मास्तरांनी पेटी दोन दिवस त्याला घरी दिली. "सराव कर. सांभाळून."

आणि इथेच घोळ झाला.

दुपारी सलूनमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. दादानं मला उजेडात धरलं आणि निरखून बघितलं. केसांवर पांढरी भुकटी. मध्ये दोनचार तुटलेले केस लोंबतायत. वीस वर्षं सलून चालवणारा माणूस. त्याला काय वाटलं असेल?

"अरेरे," तो म्हणाला. "कोंडा!"

मित्रांनो, मी ओरडलो असतो. पण आम्हाला तोंड असतं कुठे?

त्यानं मऊ ब्रशनं सगळी राळ झटकली. तुटके केस कात्रीनं अलगद कापले. मग सगळ्यात महागाची बाटली काढली, चार थेंब तळहातावर घेतले, आणि मुळापासून टोकापर्यंत तेल चोळलं. वरून बारीक कंगवा फिरवला. गुणगुणत होता. इतकी माया आयुष्यात माझ्यावर कुणी केली नव्हती. आणि इतका घातही.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मग दुसरं आलं, दोन्ही दिवस गर्दीतच गेले. सराव राहून गेला. तो पेटी घेऊन गेला तो थेट शिकवणीलाच.

मास्तर खुर्चीत सरसावून बसले. "चल. मोकळी तार. लांब."

दादानं मला तारेवर ठेवलं आणि ओढलं.

काही नाही. बर्फावरून पाय घसरावा तसा मी घसरत गेलो. नुसतं हलकंसं सळसळलं.

"वाजव ना," मास्तर म्हणाले.

दादानं परत ओढलं. परत तेच. दोन दिवसांत एकच गोष्ट वेगळी झाली होती आणि ती त्यानं स्वतःच्या हातांनी केली होती. त्याला कळलं. हातातून मला कळलं, की त्याला कळलं.

"वाजवतोयस का?" मास्तरांचा आवाज बदलला होता. "तुला ऐकू येतंय?"

इथे खरं बोलायचं होतं. पण तीस वर्षं जपलेली वस्तू आपण बिघडवली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? दादाची जीभ पुढे धावली.

"हो... येतंय की."

मास्तरांचा एक हात कानाशी गेला. "तुझं बोलणं येतंय मला," ते स्वतःशीच म्हणाले. "बाहेरची घंटा येतेय. तार तेवढी येत नाही." त्यांनी हात खाली घेतला. "हात गेले, चालवून घेतलं. आता कानही गेले. काय शिकवणार मी तुला? पेटी राहू दे तुझ्याकडे. मला काय उपयोग?"

"मास्तर, तसं नाही..."

"जा बाबा. बंद करू आपण."

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सूनबाईंनी दादाच्या घरी फोन केला होता.

फोन दादाच्या बायकोनं घेतला. ठेवला. आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, काय केलंत तिथे?"

दादानं सगळं सांगितलं. कोंडा, तेल, सगळं. आणि ते 'येतंय की'सुद्धा.

ती आधी हसली. कोंड्यावर कोण हसणार नाही? मग हसू थांबलं. "तेल लावलंत ते अडाणीपणानं. ते चालतं एक वेळ. पण त्या म्हाताऱ्या माणसाला बहिरा ठरवलंत, ते जाणूनबुजून."

"ओरडतील गं. शिकवणं बंद करतील."

"ते बंद झालंच आहे की! आता अजून काय जायचं राहिलंय तुमचं?"

दादानं पेटीकडे बघितलं. मी पेटीत पडून होतो, सुगंधी आणि निकामी.

दुसऱ्या दिवशी दाढीचा वार होता. दादा पेटी घेऊन गेला. मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यानं टॉवेल बांधला, फेस लावला, वस्तरा उघडला. गालावरून दोनदा फिरवला. मग गळ्याशी आला आणि त्याचा हात थांबला.

"मास्तर, मला माफ करा. मी—"

"अरे!" मास्तर हलेनात. "गळ्याशी वस्तरा धरून माफी मागतात का? आधी तो खाली ठेव."

दादानं वस्तरा खाली ठेवला. मग एका दमात बोलला. "तुमचे कान ठणठणीत आहेत. तार वाजतच नव्हती. मलाही ऐकू येत नव्हतं. मी खोटं बोललो. गजाला कोंडा झाला असं वाटलं मला, म्हणून मी त्याला तेल लावलं."

मास्तरांच्या अर्ध्या चेहऱ्यावर फेस होता.

"काय लावलंस?"

"तेल. चांगल्यातलं."

"गजाला?"

"केसांना."

"गाढवा!" मास्तर असे ओरडले, की सूनबाई परत धावत आल्या. "तीस वर्षं! तीस वर्षं घामाचा हात लागू दिला नाही मी त्या केसांना! आणि तू चंपी केलीस? माझ्या गजाची चंपी?"

दादा मान खाली घालून उभा. मास्तर बोलतच होते, फेस उडत होता. आणि बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. मला वाटलं रडतायत. रडत होतेच थोडे. पण हसतही होते.

"सूनबाई, ऐकलंस का? मी बहिरा नाहीये गं. हा गाढव आहे!"

"हो मास्तर," दादा मनापासून म्हणाला. "मी गाढव आहे."

"अर्धी दाढी राहिलीय, ती कर. आणि मग जा, वाद्यं दुरुस्त करणारा आहे ना, त्याच्याकडून गजाचे केस बदलून आण. हे आता धुऊन भागणार नाही."

दुरुस्तीवाल्याचं दुकान लहान होतं. त्यानं मला नाकाशी नेलं. "वास छान आहे," एवढंच म्हणाला आणि जुने केस कापून टाकले. कात्री लागली तेव्हा दादानं डोळे मिटून घेतले. रोज लोकांचे केस कापणारा माणूस!

नव्या केसांची जुडी ओली करून विंचरावी लागते, एकही केस दुसऱ्यावर चढता कामा नये. दादा भीतभीत म्हणाला, "एवढं मी करू? तेल नाही लावणार, शप्पथ." दुरुस्तीवाल्यानं कंगवा दिला. दादा विंचरत राहिला. सगळे केस रेशमासारखे एका ओळीत. दुरुस्तीवाला वाकून बघत म्हणाला, "हात चांगला आहे तुमचा. अक्कल येईल हळूहळू."

परत आलो. मास्तरांनी राळेचा खडा पहिल्यांदाच दादाच्या हातात दिला. "घास. नव्या केसांना खूप लागते. घाई करू नकोस." दादा घासत राहिला. पांढरी भुकटी उडाली. या वेळी त्याला ती काय आहे हे माहीत होतं.

मग त्यानं व्हायोलिन खांद्यावर घेतलं. मला तारेवर ठेवलं. अंगठा वाकलेला, करंगळी टेकलेली. मास्तरांनी डोळे मिटले. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं घट्ट होती. दादानं माफी मागितली खरी, पण मनात कुठेतरी भीती होतीच त्यांच्या. आणि कान खरंच गेले असतील तर?

मी ओढला गेलो. सूर निघाला. लांब, सरळ, खोली भरून टाकणारा.

मास्तरांचे डोळे मिटलेलेच. दादा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. सूनबाई दारात थिजल्या.

मग मास्तरांच्या कपाळाला आठी पडली.

"तार उतरलीय," ते म्हणाले. "अगदी जराशी. तुला कळलं नाही?"

"नाही मास्तर."

"मला कळलं." त्यांनी डोळे उघडले. "मला कळलं! खुंटी फिरव. हळू. अजून. अजून... बस्स."

कुणी चूक काढल्यावर दादा इतका खूश झालेला मी कधी पाहिला नव्हता.

मित्रांनो, तुमच्याही हातात कधी गज आला, तर माझं एवढं ऐका. केसांना बोट लावू नका. वाजवून झालं की स्क्रू सैल करा, आम्हालाही पाठ टेकायची असते. पेटी वर्षानुवर्षं बंद ठेवू नका. माया करायची असेल तर जरूर करा, पण याला काय लागतं, ते आधी कुणाला तरी विचारा. आणि एवढं करूनही काही बिघडलं, तर लगेच सांगून टाका. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.